दोन जर्सी, दोन्ही बचावपटूंच्या

श्रोतेहो, नमस्कार.

फुटबॉल म्हटलं की आपल्याला गोल आठवतो, आणि गोल म्हटला की तो मारणारा. बचाव करणाऱ्या बिचाऱ्याचं नाव निघतं ते बहुधा त्याच्या हातून काही चुकलं तरच. आज ज्या क्लबाविषयी बोलणार आहे, तिथे मात्र गंगा उलटी वाहते. हा क्लब म्हणजे इटलीतला ए. सी. मिलान. नॉर्डाल, व्हॅन बास्टन, शेव्चेन्को असे गोलांचा पाऊस पाडणारे खेळाडू या क्लबाकडून खेळून गेले. पण क्लबाने कायमच्या घडी घालून ठेवल्या, म्हणजे ते नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत असं ठरवलं, त्या दोनच जर्सी, सहा नंबरची आणि तीन नंबरची. सहा नंबर फ्रांको बारेसीचा, तीन नंबर पाओलो मालदिनीचा. दोघेही बचावपटू. मिलानचं यश समजून घ्यायचं तर मी या दोन जर्सींपासून सुरुवात करीन.

पण आधी जन्मकथा, कारण ती आपल्या लोकांना आवडण्यासारखी आहे. 16 डिसेंबर 1899 रोजी हा क्लब स्थापन झाला आणि त्याचं पहिलं नाव होतं 'मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब'. होय, क्रिकेट! स्थापनेतला मुख्य माणूस होता हर्बर्ट किलपिन, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, कापडधंद्याच्या निमित्ताने इटलीत आलेला. क्रिकेट काही तिथल्या मातीत रुजलं नाही, फुटबॉल रुजला. लाल आणि काळा हे रंग किलपिननेच निवडले, लाल आगीचा आणि काळा समोरच्याला धडकी भरवण्यासाठी. शहराचं इटालियन नाव मिलानो, पण क्लबाने मिलान हे इंग्रजी वळणाचं नावच ठेवलं. फॅसिस्ट राजवटीत परकी नावांवर गदा आली तेव्हा क्लबाला सक्तीने 'मिलानो' व्हावं लागलं, आणि युद्ध संपताच त्याने आपलं जुनं नाव परत घेतलं. किलपिन 1916 मध्ये वारला. पुढे कित्येक दशकं त्याची कबर कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात एका चाहत्याने ती शोधून काढली, तेव्हा कुठे त्याला शहराच्या मोठ्या स्मशानभूमीत मानाची जागा मिळाली.

1908 मध्ये घर फुटलं. संघात परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून भांडण झालं आणि एक गट उठून बाहेर पडला. त्याने नवा क्लब काढला, इंटरनॅझिओनाले, म्हणजे आपण ज्याला इंटर मिलान म्हणतो तो. मग भाऊबंदकीत होतं तसंच झालं, दोघांची तोंडं दोन दिशांना, पण अंगण एकच. 1926 मध्ये मिलानसाठी बांधलेल्या सान सिरो स्टेडियममध्ये 1947 पासून दोघेही खेळतात. मिलानच्या चाहत्यांना शहरात 'काशाव्हीत' म्हणत, स्थानिक बोलीत स्क्रूड्रायव्हर. म्हणजे हे कारखान्यातले, ट्रॅमने सामन्याला येणारे. इंटरवाल्यांना त्यांनी 'बाउशा', बढाईखोर, म्हणून परतफेड केली. पुढे एक अब्जाधीश मिलानचा मालक झाला, तरी ती जुनी चिडवाचिडवी काही थांबली नाही.

आता बचावाकडे येऊ. इटालियन फुटबॉलचा एक गाजलेला शब्द आहे, 'कातेनाच्चो'. अर्थ सरळ आहे, दाराची कडी. एक बचावपटू सगळ्यांच्या मागे मोकळा ठेवायचा, पुढच्यांच्या हातून काही निसटलं तर त्याने झाडून काढायचं. मिलानमध्ये ही कडी घट्ट बसवली नेरेओ रोक्को या प्रशिक्षकाने. रोक्को त्रिएस्ते या बंदराच्या गावचा, आणि त्याच्या संघाचा कर्णधारही त्याच गावचा, चेझारे मालदिनी. चेझारे देखणा खेळायचा. बचावपटूने चेंडू मिळाला की लांब भिरकावून द्यावा हा तेव्हाचा रिवाज, हा मात्र पायातल्या पायात खेळवत पुढे निघायचा. कधीकधी त्यात फसायचा. इतकं, की असल्या चुकांना इटलीत 'मालदिनाते' असा शब्दच पडला. मालदिनीगिरी म्हणा ना! पण 22 मे 1963 रोजी लंडनच्या वेम्बलीवर आल्ताफिनीच्या दोन गोलांनी बेनफिकाला 2-1 हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, जिंकणारा पहिला इटालियन क्लब मिलान ठरला, आणि तो कप उंचावला चेझारेनेच. 1969 मध्ये रोक्कोनेच दुसरा मिळवून दिला, अंतिम सामन्यात आयाक्सला 4-1 हरवून.

मग आली पडती बाजू. 1979 मध्ये मिलानने दहावं लीग विजेतेपद मिळवलं आणि दुसऱ्याच वर्षी सट्टेबाजीच्या प्रकरणात क्लबाला थेट दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. अध्यक्षावर बंदी, गोलरक्षकावर बंदी. वर्षभरात संघ परत वर आला आणि 1982 मध्ये पुन्हा खाली गेला, या वेळी कुठल्या प्रकरणामुळे नव्हे, निव्वळ वाईट खेळून. या दोन्ही वेळी एक तरुण बचावपटू क्लब सोडून गेला नाही. तोच बारेसी. लहानपणी आई-वडील गमावलेला, अंगापिंडाने बारीक. त्याच्या थोरल्या भावाला इंटरने घेतलं आणि याला नको म्हणून परत पाठवलं. पुढे दोघे भाऊ आपापल्या क्लबाचे कर्णधार झाले आणि शहराच्या डर्बीत, म्हणजे या दोन क्लबांच्या आपसातल्या सामन्यात, समोरासमोर उभे राहिले. नाटकात लिहिलं असतं तर लेखकाला म्हणाले असते, जरा अतीच होतंय.

1986 मध्ये टीव्ही वाहिन्यांचा मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी याने कर्जात बुडालेला हा क्लब विकत घेतला. संघाची ओळख करून द्यायला त्याने खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून मैदानात उतरवलं. पैसा ओतला हे खरंच आहे. रुड गुलिट, मार्को व्हॅन बास्टन आणि नंतर फ्रँक रायकार्ड, असे तीन डच खेळाडू आले. पण नुसत्या पैशाने हे होत नाही, नाहीतर पैसेवाले क्लब तेव्हाही कमी नव्हते. बेर्लुस्कोनीची खरी करामत मला वाटते ती आरिगो साक्कीची निवड. वडिलांच्या बुटांच्या धंद्यात काम केलेला, वरच्या दर्जाचा फुटबॉल कधीही न खेळलेला माणूस. त्याच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पार्माने मिलानला कप स्पर्धेत हरवलं होतं, त्यावरून त्याला बोलावलं. न खेळलेला माणूस काय शिकवणार, अशी कुजबुज झाली तेव्हा साक्कीने उत्तर दिलं, की घोडेस्वार होण्यासाठी आधी घोडा असावं लागत नाही.

साक्कीने ती जुनी कडी काढून टाकली आणि तिच्या जागी साखळी आणली. श्रोतेहो, कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. चढाई आली की बचाव करणारे हात धरून एकत्र सरकतात. एकाने जरी हात सोडला तरी सगळी साखळी वाया. साक्कीचे चार बचावपटू असेच एका रेषेत, एकाच वेळी पुढे सरकायचे. फुटबॉलमध्ये चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी समोरचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे एकटा सापडला, तर तो ऑफसाइड. म्हणजे चौघांनी दोन पावलं पुढे टाकली की प्रतिस्पर्धी आपोआप बाद. बारेसी हात वर करून पुढे धावायचा आणि बाकीचे तिघे त्याच्याबरोबर.

गुलिट आणि व्हॅन बास्टन साक्कीला म्हणत, हे कवायती प्रकरण कशाला, आमच्या अंगच्या गुणांवर सामने जिंकू की. त्यावर त्याने सरावात एक पैज लावली. एका बाजूला गोलरक्षक गाली आणि चार बचावपटू, तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी. दुसऱ्या बाजूला गुलिट, व्हॅन बास्टन, रायकार्ड, आन्चेलोत्ती यांच्यासह दहा जण. पंधरा मिनिटं. नियम एकच, चेंडू गमावला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्या मैदानात, मध्यरेषेपासून दहा मीटर मागून सुरुवात करायची. दहा विरुद्ध पाच. साक्की सांगतो, पैज अनेकदा लावली, गोल एकदाही झाला नाही. त्या संघाचं सगळं मर्म मला या पंधरा मिनिटांत दिसतं.

यश नशिबाशिवायही येत नाही म्हणा. नोव्हेंबर 1988 मध्ये युरोपियन कपात बेलग्रेडला तिथल्या रेड स्टार क्लबाविरुद्धच्या सामन्यात मिलान एका गोलाने मागे होतं, एक खेळाडू मैदानाबाहेर काढला गेला होता, आणि इतकं दाट धुकं उतरलं की सामना थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी शून्यापासून पुन्हा सुरुवात. 1-1 बरोबरी, आणि पेनल्टीवर मिलान पुढे. त्याच मोसमात उपांत्य फेरीत रिआल माद्रिदचा 5-0 असा धुव्वा, अंतिम सामन्यात बुखारेस्टच्या स्टेआउआवर 4-0. 1990 मध्ये पुन्हा तोच कप. धुक्यात पुसला गेलेला तो गोल होता देयान सावीचेविचचा. हा गडी पुढे मिलानकडेच आला. 1994 च्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित, समोर क्रायफ प्रशिक्षक असलेली बार्सेलोना, सगळं जग म्हणतंय मिलान हरणार. मिलान 4-0 जिंकलं, आणि त्यातला सर्वांत सुंदर गोल, गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचललेला, सावीचेविचचाच.

तोवर साक्की जाऊन फाबिओ कापेल्लो आला होता. त्याच्या काळात मिलान लीगमध्ये सलग 58 सामने हरलं नाही. 1993-94 च्या विजेत्या मोसमात 34 सामन्यांत या संघाने केलेले गोल होते फक्त 36. आणि खाल्लेले? 15! कंटाळवाणं, असं कुणी म्हणेल. मी त्याला शास्त्रीय संगीतातली विलंबित लय म्हणतो. कान तयार असावा लागतो.

आता तीन नंबरची जर्सी. चेझारेचा मुलगा पाओलो 20 जानेवारी 1985 रोजी उदिनेला पहिल्यांदा बदली खेळाडू म्हणून उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला उतरवणारा प्रशिक्षक स्वीडनचा नील्स लीडहोम, जो एके काळी चेझारेचा सहकारी होता आणि ज्याने बारेसीलाही पहिली संधी दिली होती. घराणं म्हणतात ते याला. तेव्हापासून पंचवीस मोसम पाओलो दुसऱ्या कुठल्याही क्लबाकडे गेला नाही, 902 सामने खेळला. 2003 मध्ये मँचेस्टरला युव्हेंटसला पेनल्टीवर हरवून त्याने कप उचलला. वडिलांनी उचलला त्याला चाळीस वर्षं झाली होती, दोन्ही वेळा इंग्लंडमध्येच.

2005 चा इस्तंबूलचा सामना मात्र मला स्वतःला बोचतो. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झालेला. पहिल्याच मिनिटात गोल केला तो पाओलोने, मध्यंतराला लिव्हरपूलविरुद्ध 3-0. मी टीव्ही बंद करून समाधानाने झोपलो. सकाळी रेडिओवर बातमी ऐकली, सहा मिनिटांत तीन गोल फिटले आणि पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकलं. हातातला चहा थंड झाला. 2007 मध्ये अथेन्सला इंझागीच्या दोन गोलांनी त्याच लिव्हरपूलला 2-1 हरवून मिलानने सातवा कप घेतला. त्या रात्री मी शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचा हललो नाही. त्या संघातला पाओलोचा साथीदार आलेस्सांद्रो नेस्ता पुढे 2014 मध्ये चेन्नईयिनकडून आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळून गेला.

24 मे 2009, पाओलोचा सान सिरोवरचा अखेरचा सामना. रोमाकडून 3-2 हार. सामन्यानंतर तो मैदानाला फेरी घालत होता, बहुतेक सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि कट्टर चाहत्यांच्या स्टँडमधून हुर्यो येत होती. त्यांच्याशी त्याचे जुने खटके होते. त्यांनी सहा नंबरची भलीमोठी जर्सी उलगडली आणि घोषणा दिल्या, कर्णधार एकच, बारेसी! पुढच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी फ्लोरेन्सच्या मैदानावर मात्र सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहिलं.

क्लबाने जाहीर केलं, तीन नंबर आता कुणाला मिळणार नाही, मालदिनीच्या मुलांखेरीज. थोरला मुलगा मिलानच्या मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. धाकटा दानिएल पोहोचला. 25 सप्टेंबर 2021 रोजी स्पेत्सियाविरुद्ध त्याने हेडरने लीगमधला पहिला गोल केला तेव्हा पाओलो, आता क्लबाचा तांत्रिक संचालक, प्रेक्षागारात उडी मारून उभा राहिला. त्या मोसमात मिलानने एकोणिसावं लीग विजेतेपद जिंकलं. आजोबा, मुलगा, नातू, तिघेही मिलानकडून विजेते. 2023 च्या जूनमध्ये नव्या अमेरिकन मालकांनी पाओलोला पदावरून दूर केलं, आणि पुढच्या वर्षी दानिएलही क्लब सोडून गेला.

तो तीन नंबर घेऊ शकत होता. त्याचा तेवढा हक्कच होता. तो आघाडीला खेळायचा, आणि मिलानमध्ये असेपर्यंत त्याच्या पाठीवर आकडा होता सत्तावीस.

नमस्कार.