मीठुं पाणी

आपण बडोदेकर मराठी माणसं तीन भाषांत वावरतो, हे जरा ऐटीतच सांगतो. घरात मराठी, भाजीवालीशी गुजराती, कॉलेजात इंग्रजी. एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन मी छोटा उदेपूरकडे पाण्याचे नमुने घ्यायला जातो, तेव्हा ही ऐट पहिल्याच हातपंपापाशी उतरते.

एका वर्षी नाशिकहून नुकतीच आलेली विद्यार्थिनी बरोबर होती. पंपावरच्या आजी राठवी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या, आमच्यासाठी म्हणून गुजरातीत सांगत होत्या, "पाणी मीठुं छे." हिनं वहीत लिहिलं, 'खारट'. तुम्ही हसलात, कारण तुम्ही इथले. गुजरातीत मीठुं म्हणजे मीठ आणि मीठुं म्हणजे गोडही. मराठी कानाला त्यातलं मीठ तेवढं ऐकू येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं आकडा कमी दाखवला, तर पोरगी मीटर बिघडला म्हणून पुसत बसली. आजी समोरच उभ्या होत्या, त्यांना पुन्हा विचारावं हे काही सुचलं नाही.

पाणी चवीला गोडच होतं. दुखणं होतं फ्लोराइडचं. आंबाडुंगरचे फ्लोरस्पारचे साठे त्याच जिल्ह्यात आहेत, आणि असल्या खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. ती ओलांडली तरी जिभेला पत्ता लागत नाही. लहानपणी दात घडत असतानाच डाग आत बसतात, मग कितीही घासा. आमच्या एका मुलानं असे दात पाहून एका गृहस्थांना विचारलं, "तंबाखू खाता का?" त्यांनी ओठ मिटले आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला नुसतं "हा" म्हणाले. असल्या "हा"चे तक्ते दिसतात मात्र फार सुबक! दुसरा सांगून आला, पाणी उकळून प्या. जंतूंसाठी ठीक, फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं.

तेव्हापासून प्रश्नावलीत एक रकाना वाढवला: 'ऐकलेला शब्द'. आधी तो, अर्थ नंतर. मुलं कुरकुरतात, म्हणून त्याला गुण ठेवलेत. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला, केवढं काम! पण त्या आठांत राठवी नव्हती, तेव्हा आमच्या मुलांना शब्द पंपावरच वेचावे लागतात.

निकाल सांगायला आम्ही परत गेलो. तीच विद्यार्थिनी, आणि राठवीत सांगायला गावातलाच नववीतला मुलगा. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "मग चांगला पंप कुठला?" उत्तर वहीत होतं: ओढ्यापलीकडचा. आजी त्या मुलाकडे बघून हसल्या, काहीतरी म्हणाल्या. त्यानं आम्हाला सांगितलं, "तो होळीनंतर कोरडा पडतो."

आमचे नमुने दिवाळीच्या सुट्टीतले होते.