शब्द येतात, वाक्य निसटते

(मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर सांगलीतील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, पालकवर्ग आणि विद्यार्थी मित्रांनो,

आत येताना दारातच एका पालकांनी मला गाठले आणि विचारले, “सर, पोरगा गणितात चांगला आहे, इंग्रजीचे तेवढे भागवून नेता येईल का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतो. भागवून नेता येणार नाही. आयआयएमसारख्या मॅनेजमेंट संस्थांच्या प्रवेशासाठी जी कॅट परीक्षा असते, तिच्यात तीन विभाग असतात आणि पहिलाच विभाग इंग्रजी वाचनाचा असतो. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे बांधलेली असतात, त्यामुळे गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीला देता येत नाही. शिवाय मुलाखतीला बोलावताना आयआयएम संस्था एकूण पर्सेंटाइलसोबत (म्हणजे शेकडा किती परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत, त्या आकड्यासोबत) प्रत्येक विभागातले किमान पर्सेंटाइलही पाहतात. म्हणजे गणिताच्या खांद्यावर बसून इंग्रजीला हा ओढा ओलांडता येणार नाही, तिला स्वतःच्या पायांनीच यावे लागेल.

परंतु त्या पालकांच्या प्रश्नामागे एक समजूत होती, आणि ती मात्र मला खोडून काढायची आहे. ही परीक्षा म्हणजे इंग्रजीच्या ज्ञानाची परीक्षा, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी कमी येते म्हणून तो मागे पडतो, अशी ती समजूत. मी स्वतः तासगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा चार वर्षे जास्त मिळाली आहेत. तरीही माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण जवळजवळ तीच आहे जी माझी होती. त्यांना शब्द येतात, वाक्य निसटते.

माझे कसे झाले ते सांगतो. पुण्यातल्या एका क्लासने आम्हाला शब्दांची जाडजूड यादी दिली होती आणि रोज ५० शब्द पाठ करायला सांगितले होते. मी दोनशे पानी वहीत ते सगळे अर्थासकट उतरवून काढले. वहीच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्या होत्या, कारण दिवसा मी वडिलांबरोबर मार्केट यार्डात असे. परीक्षेच्या दिवशी त्या वहीतले मोजून दोन शब्द पडद्यावर दिसले. ज्या उताऱ्यात माझे पानिपत झाले, त्यात कठीण शब्द एकही नव्हता. लेखकाने एका सिद्धान्ताविषयी म्हटले होते की तो ‘एनिथिंग बट सिंपल’ आहे. मी मनातल्या मनात शब्दाला शब्द लावला: ‘एनिथिंग’ म्हणजे काहीही, ‘बट’ म्हणजे पण, ‘सिंपल’ म्हणजे सोपे, तेव्हा काहीही असो, पण सिद्धान्त सोपा आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘सोपा तर मुळीच नाही’ असा होतो. त्या एका उलट्या वाचनामुळे पुढचे चारही प्रश्न चुकले, आणि गंमत म्हणजे चारही उत्तरांची मला पक्की खात्री होती.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की अवघड शब्दांपेक्षा साध्या शब्दांची भीती बाळगा. तुम्ही पाचवीत शिकलेले ‘सम’, ‘मोस्ट’, ‘ओन्ली’, ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘फ्यू’ हेच शब्द या परीक्षेत खरे काम करतात. ‘काही मुले पास झाली’ असे मराठीत कुणी म्हटले की बाकीची नापास झाली, हे आपण न सांगता समजून घेतो. तर्काच्या प्रश्नातला ‘सम’ तसे काही सांगत नाही. सगळीच्या सगळी पास झाली असली तरी ‘सम’ खोटा ठरत नाही. ‘मोस्ट’साठी आपण ‘बहुतेक’ हा शब्द पाठ केलेला असतो, पण मराठीतला ‘बहुतेक’ दोन घरी जेवतो: ‘बहुतेक मुले आली’ आणि ‘बहुतेक पाऊस येईल’. इंग्रजी शब्द पहिल्या घरचाच, आणि त्याचा अर्थ निम्म्याहून अधिक एवढाच. शंभरातले ५१ असले तरी तो खरा. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत आणि नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे दोन्हींना ‘थोडे’ म्हणून मोकळे होतात.

‘ओन्ली’च्या बाबतीत तर मराठी माणसाने चुकूच नये, कारण त्यासाठी आपल्याकडे ‘च’ आहे. ‘शेतकऱ्यांनाच कर्ज मिळते’ आणि ‘शेतकऱ्यांना कर्ज मिळतेच’ यांतला फरक तुमच्या आजीला विचारला तरी ती सांगेल. पहिल्या वाक्यात इतरांना दार बंद आहे, पण प्रत्येक शेतकऱ्याला कर्ज मिळेलच असे वचन नाही. दुसऱ्यात शेतकऱ्याला वचन आहे, पण इतरांना मनाई नाही. इंग्रजी उताऱ्यात ‘ओन्ली’ दिसला की मी विद्यार्थ्यांना एकच विचारतो: हा ‘च’ मराठीत कोणत्या शब्दाला चिकटेल? तो नेमक्या जागी चिकटवता आला की निम्मे चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

आता वाक्याच्या बांधणीकडे येतो, कारण वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. आपण सरळ मराठीत म्हणतो, “सोसायटीचे कर्ज भरायचे असल्यामुळे ज्या शेतकऱ्यांनी माल सुगीतच विकला, ते बुडाले.” हेच वाक्य इंग्रजी ज्या क्रमाने सांगते तो क्रम मराठी शब्दांत ठेवला, तर असा दिसेल: “शेतकरी, ज्यांनी विकला माल सुगीतच, कारण कर्ज भरायचे होते सोसायटीचे, बुडाले.” कर्ता पहिल्यांदा येतो, मग त्याच्या पाठीवर एकेक ओझे चढत जाते आणि त्याचे खरे क्रियापद लांब कुठे तरी उभे असते. आपल्या सवयीचा वाचक ‘विकला’ या पहिल्या क्रियापदालाच मुख्य समजून पुढे जातो, शेवटी ‘बुडाले’ आले की गोंधळतो आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचतो. सुमारे ५०० शब्दांच्या उताऱ्यात अशी दहा वाक्ये दुसऱ्यांदा वाचावी लागली, तर वेळ कुठे गेला हे वेगळे शोधायला नको. यावरचा माझा उपाय अगदी साधा आहे: रोज एका परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली आणि त्याच्या स्वतःच्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, बाकी काही नाही. तीन आठवड्यांत पेन्सिल सुटते आणि डोळाच ते काम करू लागतो. भाषांतर मात्र करायचे नाही. भाषांतर ही चांगली कला आहे, पण ती ४० मिनिटांत करायची कला नव्हे.

ज्यांना मॅनेजमेंट शिकायला परदेशी जायचे आहे त्यांच्यासाठी जीमॅट या प्रवेश परीक्षेविषयी थोडे सांगतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या परीक्षेचे नवे रूप आले आणि त्यातून निबंध आणि वाक्यशुद्धीचे प्रश्न दोन्ही काढून टाकले गेले. आता भाषेच्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात आणि ते सगळे उताऱ्यांचे किंवा युक्तिवादाचे असतात. पूर्वी वाक्यशुद्धीत, लहानपणापासून घरात इंग्रजी ऐकलेल्या मुलाला पर्याय नुसता कानाला बरा वाटला की उत्तर सापडत असे. तो कान आपल्याला नव्हता. आता कानाचे काम कमी झाले आणि तर्काचे वाढले, आणि माझ्या मते हा बदल आपल्या मुलांच्या फायद्याचा आहे. दुर्दैवाने अनेक जण अजूनही जुनी पुस्तके रद्दीच्या भावात आणून वाक्यशुद्धीचे हजार प्रश्न सोडवत बसतात.

युक्तिवादाच्या प्रश्नात आपली मुले कमी पडतात, असे मला वाटत नाही. एक नमुना मी सांगलीच्या मातीतूनच तयार केला आहे, तो ऐका. हरिपूरची पेवे तुम्हाला ठाऊक आहेत. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद साठवत असत आणि २००५ च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळ पेवांचे नुकसान झाले. समजा प्रश्नात असे विधान आहे: ‘पेवात साठवलेल्या हळदीला सौद्यात मिळालेला दर काढणीनंतर लगेच विकलेल्या हळदीपेक्षा जास्त होता, म्हणून पेवात ठेवल्याने हळदीचा दर्जा सुधारतो.’ या निष्कर्षाला कमकुवत करणारा पर्याय निवडा. पहिला पर्याय: पेव खणायला खर्च येतो. दुसरा: पेवातल्या हळदीला पुराचा धोका असतो. तिसरा: शेतकरी निवडक, भरीव हळकुंडेच साठवणीला ठेवतात आणि बाकीचा माल लगेच विकून टाकतात.

मगाशी हाच प्रश्न मी बाहेर चहा पिताना दोघा मुलांना विचारला. दोघांनी दुसरा पर्याय निवडला, कारण पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. २०१९ मध्ये त्यांच्या घरात पाणी होते. त्यांना तो पर्याय खरा वाटला आणि तो खरा आहेच. पण प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही. पुराचा धोका असला तरी दर्जा सुधारत असेल किंवा नसेल. त्या पर्यायाने निष्कर्षाचा टवकाही उडत नाही. तिसरा पर्याय मात्र मुळावरच घाव घालतो: माल आधीपासूनच चांगला होता म्हणून दर चांगला मिळाला, त्यात पेवाची करामत काय? यार्डातल्या कोणत्याही जुन्या आडत्यासमोर हे विधान केले, तर तो पान चघळता चघळता हीच शंका काढेल. म्हणजे ही बुद्धी आपल्या घरात आहे. इंग्रजीत छापलेले दिसले की आपण तिला बाहेर चपलांजवळ ठेवून आत जातो, एवढेच.

कॅटमध्ये विस्कळीत वाक्ये जुळवण्याचा एक प्रकार असतो आणि त्यात आपली मुले हमखास अडखळतात, कारण ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, असे सांगितले जाते. उपपदे नसतील, पण काम आहे. “आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.” ही वाक्ये उलटसुलट करून दिली तरी चार वर्षांचे मूल ती बरोबर लावील, कारण ‘एक राजा’ आधी आणि ‘त्या राजाला’ नंतर, हे त्याला ठाऊक असते. इंग्रजीत पहिल्या जागी बहुधा ‘अ’ येतो आणि दुसऱ्या जागी ‘द’ किंवा ‘दिस’. वाक्ये जुळवताना पाचवीचे व्याकरण आठवण्यापेक्षा श्रावणातल्या कहाण्या आठवा, असे मी म्हणतो तेव्हा मुले हसतात. पण नंतर उत्तरे बरोबर येतात.

वाचायचे काय, हा प्रश्न येणारच. परीक्षेतले उतारे प्राणिशास्त्र, अर्थकारण, इतिहास, तत्त्वज्ञान, कलासमीक्षा अशा कुठल्याही क्षेत्रातले असतात. त्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्रातल्या फक्त क्रिकेटच्या आणि राजकारणाच्या बातम्या वाचून भागणार नाही. या वाचनालयात इंग्रजी नियतकालिकांचे टेबल खिडकीजवळ आहे आणि तिथे मी येईन तेव्हा जागा रिकामीच असते. रोज एक लेख घ्या, शक्यतो ज्या विषयातले तुम्हाला काही कळत नाही असा. वाचताना ओठ हलतात का, ते मित्राला पाहायला सांगा. शाळेत मोठ्याने धडे वाचायची आपली सवय जिभेवरून जात नाही, आणि जिभेच्या गतीने वाचणारा माणूस डोळ्याच्या गतीने कधी वाचू शकत नाही. लेख संपला की तो उपडा ठेवा आणि लेखकाचे म्हणणे काय, ते मराठीत दोन वाक्यांत लिहा. होय, मराठीतच. इंग्रजीत लिहायला सांगितले की मुले लेखातलीच वाक्ये उचलून ठेवतात आणि आपल्याला कळले असे समजतात. मराठीत लिहिताना ती पळवाट राहत नाही. भाषांतर करू नका असे सांगणाराच मराठीत लिहा म्हणतो, यात विसंगती नाही: भाषांतर शब्दांचे होते, इथे आशय मागितला आहे.

गुणांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्याय निवडायच्या प्रश्नात चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकले तर सरासरीने हाती शून्य लागते. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिघांतून निवडणे फायद्याचे ठरते. ज्या प्रश्नांचे उत्तर टंकून द्यायचे असते तिथे गुण कापले जात नाहीत, म्हणून ते कोरे सोडणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत, म्हणजे राज्यातल्या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेत तर चुकीला दंडच नाही. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रत्येकी ४५ सेकंद, आणि शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. दोन परीक्षांचा सराव करणारे एकीची सवय दुसरीत नेतात आणि नुकसान करून घेतात, हे मी दर वर्षी पाहतो.

एवढे बोलून मी थांबणार होतो, पण अध्यक्षांनी अजून वीस मिनिटे दिली आहेत. तुमच्या खुर्चीवर एकेक कागद उपडा ठेवलेला आहे. त्यावर मधमाश्यांविषयीचा एक उतारा आणि चार प्रश्न आहेत. मधमाश्यांविषयी कुणालाही काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. ज्याच्या घरी पेट्या आहेत त्याने तर अधिकच सांभाळून राहावे. मोबाइल बंद करा, पेन्सिल हातात घ्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर आला की कागद उलटा. वेळ आठ मिनिटे.