बघ्यांना बोलू द्या

सांगलीत उभं राहून बुद्धिबळ म्हणजे काय हे सांगण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांचं हे गाव, इथल्या पोरांना किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल, पाढ्यांच्या आधी येतो. तेव्हा थेट विषयाला हात घालतो. बुद्धिबळ हा लोकांनी तिकीट काढून, गर्दी करून बघायचा खेळ होईल का? होईल. अट एकच, बघणाऱ्याला तोंड उघडू द्या.

हे मी आठवीत असताना शिकलो. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात स्पर्धा होती आणि मला डेमो बोर्डावर उभं केलं होतं. मागे बसलेल्या मुलांनी तो पाहिला नसेल. भिंतीला टांगलेला मोठा पट, त्याला खाचा, त्यात पुठ्ठ्याची मोहरी. टेबलावर चाल झाली की एक मुलगा चिठ्ठी आणून देणार आणि मी भिंतीवर मोहरं हलवणार. वरच्या रांगेला माझा हात पोचेना, म्हणून कार्यालयवाल्यांनी पायाखाली नवरदेवाचा पाट दिला होता.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पटावर डाव पेटला. खुर्च्या भरल्या, खिडक्यांत माणसं चढली. त्यात एसटीचे एक कंडक्टर होते. काळ्याचा राजा उघडा पडलेला आणि पांढरा अर्धा तास नुसता विचार करतोय. कंडक्टरना राहवलं नाही. भरल्या गाडीत ‘पुढे सरका’ म्हणतात त्या आवाजात ते ओरडले, “अहो, हत्ती द्या की!” सगळे हसले. पंच उठले आणि त्यांनी झाडून सगळ्या प्रेक्षकांना बाहेर काढून दारं लावली.

खेळणाऱ्याला बाहेरून चाल सांगणं चूकच, त्यात वाद नाही. पण पुढचं ऐका. पांढऱ्यानं हत्ती नाही, वजीर दिला, म्हणजे मुद्दाम मरू दिला! आणि त्या वजिराचा पुठ्ठा मी रिकाम्या खुर्च्यांसमोर काढला. एवढी देखणी चाल, टाळी द्यायला माणूस नाही. त्या खुर्च्या मला अजून दिसतात. मी चिठ्ठीवाल्या मुलाला पाटावर उभं केलं, व्हरांड्यात पळालो आणि विटेच्या तुकड्यानं फरशीवर पट आखला. चिंचोक्यांची प्यादी, सुपाऱ्यांचे हत्ती. मंडळी गोल बसली. वजीर का दिला? घेतला तर काय, नाही घेतला तर काय? भांडणं, पैजा, हातातल्या चहावर साय. शेवटी कंडक्टरनाच घोड्याची मात सापडली, तेव्हा जो गलका झाला तसा मी नंतर कुठल्या मैदानावरही ऐकलेला नाही. आत चिडीचूप, बाहेर जत्रा, आणि डाव एकच.

1972 साली आइसलँडच्या रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत अमेरिकेचा बॉबी फिशर कॅमेऱ्यांवरून अडून बसला, दुसऱ्या डावाला आलाच नाही. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत खेळवावा लागला. आणि त्याच वेळी अमेरिकेत शेल्बी लायमन एका स्टुडिओत भिंतीवरच्या पटासमोर उभा राहून त्याच लढतीवर तासन्‌तास बोलत होता, लोक टीव्हीला चिकटून बसले होते. काय होतं तिथं? एक पट आणि एक बोलणारा माणूस. आपल्याला याचं नवल वाटायला नको. बाळ पंडितांच्या मराठी समालोचनातून मैदान कधीही न पाहिलेल्या घरांना क्रिकेट दिसलंच ना!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे तर पुढेच आहेत, भराभर सांगतो.

थेट प्रक्षेपणात पडद्याच्या कडेला, कोण किती वरचढ आहे हे सांगणारा संगणकाचा काळा-पांढरा पट्टा वरखाली होत असतो. तो उशिरा दाखवा. कोडं घालायच्या आत उत्तर सांगितलं तर लोक डोकं कशाला चालवतील? त्याऐवजी चेहरा दाखवा, घड्याळ दाखवा. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. बरोबरीकडे चाललेल्या डावात 55व्या चालीला चीनच्या डिंग लिरेननं हत्ती चुकीच्या घरात ठेवला. समोरच्या आपल्या गुकेशचा चेहरा बदलला, तो पाणी प्यायला. ज्यांना उंट तिरका जातो हेही ठाऊक नव्हतं, त्यांनाही तिथं काहीतरी घडलंय हे कळलं. ते दोघं काचेच्या ध्वनिरोधक खोलीत होते. म्हणजे खेळाडूची शांतता आणि बघ्यांचा गलका शेजारी शेजारी नांदू शकतात.

दुसरं, गर्दीसाठी जलद डाव हवेत. पाच तास बसा असं नोकरीवाल्याला सांगता येणार नाही. तिसरं, आपलं माणूस हवं आणि आपली भाषा हवी. 2020च्या टाळेबंदीत नाशिकचा विदित गुजराथी विनोदी कलाकार समय रैनाबरोबर गप्पा मारत खेळला आणि सोंगटी न धरलेली पोरं बघायला बसली. मराठीत असं बोलणारे दहा जण तरी तयार करा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

वेळ संपली. खाली हॉलमध्ये डेमो बोर्ड लावलाय. 28 जुलै 2025ला बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं काळ्या मोहऱ्यांनी कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तो जलद डाव पहिल्या चालीपासून मांडणार आहोत. मोहरी हलवायला आठवीतली एक मुलगी आहे. चला, आणि चाल सुचली की ओरडा.