पांढऱ्या पडद्यासमोर एक पेन्सिल

(काळोखी खोली. मॉनिटरवर नुसता कोरा पांढरा रंग. ब्राइटनेस बराच खाली आणलेला.)

एक साधी पेन्सिल. पडद्यासमोर धरायची आणि भराभर इकडून तिकडे हलवायची.

सलग, पुसट पट्टा दिसला तर ठीक. पण इथं बघा. एका पेन्सिलीच्या दहा-बारा झाल्यात, आणि प्रत्येक सुटी सुटी. या मॉनिटरचा उजेड लुकलुकतोय. नुसत्या डोळ्यांना ते कळलं नसतं. पेन्सिलीनं चुगली केली.

(दिवसाउजेडी टेबल. कुणीतरी डोळे चोळतंय.)

पडद्यासमोर बसलं की डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, असं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: चष्म्याचा नंबर तपासून घे. तो तपासावाच. डोळे कोरडे पडलेत का तेही बघावं, कारण टक लावून बघताना पापण्या कमी लवतात. पण काहीजणांचं दुखणं इथं संपत नाही. नंबर बरोबर, डोळे निरोगी. जुन्या मॉनिटरवर दिवसभर काम निभतं आणि नव्यासमोर अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. आजूबाजूचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

ते खेळ मनाचे नसून मागच्या दिव्यांचे असू शकतात.

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे बॅकलाइट असतो. पूर्वी बारीक फ्लुरोसंट नळ्या असायच्या, २०१०च्या आसपास त्यांची जागा एलईडींनी घेतली. एलईडीचा उजेड कमी करायच्या दोन वाटा. एक, प्रवाहच कमी करायचा. दुसरी, प्रवाह तेवढाच ठेवून दिवा सेकंदाला शेकडो वेळा विझवायचा आणि पेटवायचा. विझलेला काळ जितका जास्त, तितका पडदा मंद. हीच पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम. जुन्या नळीतला फॉस्फर, म्हणजे आतला उजळणारा लेप, प्रवाह तुटल्यावरही क्षणभर उजळत राहायचा. एलईडी तात्काळ विझतो, त्यामुळे उघडझाप जास्त कडक.

गंमत पुढेच आहे. ब्राइटनेस १०० टक्के असताना असे बरेच मॉनिटर मुळीच लुकलुकत नाहीत. डोळ्यांना आराम म्हणून आपण तो कमी करतो, आणि लुकलुक नेमकी तिथून सुरू होते.

(छताला ट्यूबलाइट. कॅमेऱ्यात सरकणारे काळे पट्टे.)

न दिसणारी लुकलुक खरंच त्रास देते? १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या आर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात हे तपासलं. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या नेहमीच्या ट्यूबलाइटऐवजी काही काळ अतिवेगवान, जवळपास स्थिर उजेड दिला. डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून खाली आला. पुढे २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं एलईडी दिव्यांसाठी शिफारस काढली: पूर्ण उघडझाप होत असेल तर १२५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२५० वेळांच्या, वर धोका कमी, ३००० हर्ट्झच्या वर परिणाम दिसू नये. कित्येक मॉनिटरांचे बॅकलाइट मात्र २०० ते २४० हर्ट्झवर चालत आलेत.

खोक्यावरच्या १४४ हर्ट्झचा याच्याशी संबंध नाही. तो चित्र बदलण्याचा वेग.

पडद्याचा निळा प्रकाश डोळ्यांना शिणवतो, असं जाहिराती सांगतात. त्याबद्दल थोडक्यात. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये आढावा घेतला. डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. जाहिरातींना हे कुणी सांगावं?

पेन्सिलीला न सापडणारी एक चोरी आहे. काही स्वस्त पॅनेल ६ बिटांची असतात, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा. मधल्या छटा हव्यात म्हणून पिक्सेल शेजारच्या दोन छटांमध्ये भराभर झुलवतात. याला एफआरसी म्हणतात. याचाच त्रास होतो असं सांगणारे लोक आहेत. पक्का पुरावा तोकडा आहे, पण मॉनिटर बदलूनही आराम पडत नसेल तर माहितीपत्रकात हा शब्द शोधायला काय हरकत?

(पडद्याशेजारी पांढरा कागद.)

पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा झगझगला तर ब्राइटनेस जास्त, राखाडी दिसला तर कमी. चकचकीत पृष्ठभागावर खिडकी उमटते. मॅटवर उमटत नाही, पण काही मॅट पडद्यांवर पांढऱ्या भागात बारीक रवा चमकतो.

विकत घेताना ‘फ्लिकर फ्री’ (लुकलुक नसलेला) हे शब्द बघावेत, आणि त्याहून आधी परत करण्याची मुदत.

(पुन्हा काळोखी खोली. दुसरा मॉनिटर.)

ब्राइटनेस १००. ५०. २०. पेन्सिल फिरतेय, आणि तिन्ही वेळा सलग, पुसट पट्टा. हा पहिल्या फेरीत पास झाला.

आता दिवा लावू, रोजचं काम उघडू आणि यावर दोन तास वाचून बघू.