एडिंबरा : बोळात शिरल्यावर

(दृश्य : किल्ल्याचा काळा कातळ, तिथून उतरत जाणारा दगडी रस्ता)

हा रॉयल माईल. वरच्या टोकाला एडिंबराचा किल्ला, खालच्या टोकाला होलीरूड राजवाडा. दोन्ही अंगांना फणीच्या दातांसारखे बोळ. इथे त्यांना ‘क्लोज’ म्हणतात.

पाऊस नाही, तरी रंगीत छत्र्या उघडल्या आहेत. छत्री ही गाईडची खूण. प्रत्येक छत्रीमागे एक घोळका.

(दृश्य : बॉबीचा पुतळा, नाकाकडे जाणारे हात)

पहिला थांबा ठरलेला. ग्रेफ्रायर्सचा बॉबी, मालकाच्या थडग्यापाशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणून प्रसिद्ध झालेला कुत्रा. तो 1872 साली गेला, पुढच्याच वर्षी पुतळा उभा राहिला. नाक चोळलं की नशीब उघडतं, ही समजूत मात्र अगदी अलीकडची. मध्यंतरी नाकाला पुन्हा रंग चढवला होता. तोही हातांनी पुसून काढला.

मागच्या दफनभूमीत घोळके थॉमस रिडेलचं थडगं शोधतात, कारण एका कादंबरीतल्या खलनायकाशी त्याचं नाव जुळतं. दफनभूमीलगतच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये 1638 साली राजाच्या धर्मविषयक हुकमांविरुद्ध राष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांसाठी फारसं कुणी थांबत नाही. रात्री भुतांच्या सहली निघतात, साऊथ ब्रिजच्या कमानींखालच्या तळघरांत. त्या तळघरांत चांभार होते, दारूचे गुत्ते होते, कुटुंबंही राहत होती. त्यांची हकिकत कुठल्याही भुतापेक्षा मोठी आहे.

आमच्या गाईडबाई छत्री मिटतात आणि कॅसलहिलवरच्या एका मनोऱ्यात शिरतात.

(दृश्य : अंधारी खोली, गोल पांढरं टेबल, त्यावर हलणारं शहर)

हे नीट बघा. पडदा नाही, वीज नाही. छतावरचा आरसा आणि भिंगं, एवढ्यावर बाहेरचं शहर टेबलावर उतरलं आहे. ती बस, त्या चिमण्या, तो रस्ता ओलांडणारा माणूस, सगळं आत्ताचं. बाईंनी कागदाचा तुकडा टेबलाजवळ धरला, आणि तो माणूस कागदावर उचलला गेला.

हा कॅमेरा ऑब्स्क्युरा इथे 1853 साली मारिया शॉर्ट यांनी बसवला. 1892 मध्ये मनोरा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आला. शहर कसं पाहावं हे लोकांना शिकवण्यासाठी त्यांनी तो घेतला. पाहुण्यांना ते जिना भरभर चढायला लावत. आधी ही अंधारी खोली, मग उघडा सज्जा, आणि मग एकेक मजला खाली : एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप, शेवटी जग. आधी आपली गल्ली, मग दुनिया.

(दृश्य : जेम्स कोर्ट, खिडक्यांतली फुलझाडं)

गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1767 साली न्यू टाऊनचा आराखडा मंजूर झाला आणि पैसेवाले हळूहळू तिकडच्या रुंद रस्त्यांवर राहायला गेले. इथल्या उंच, अंधाऱ्या इमारती गरिबांच्या वाट्याला आल्या. शंभरेक वर्षांनी, 1886 साली, नुकतं लग्न झालेले पॅट्रिक आणि अ‍ॅना गेडिस उलट्या दिशेने आले. न्यू टाऊनमधला प्रिन्सेस स्ट्रीट सोडून याच जेम्स कोर्टात बिऱ्हाड केलं. शेजाऱ्यांना हाताशी घेऊन चौक झाडला, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत झाडं लावली. पुढे जुन्या वाड्यांची दुरुस्ती. त्यांचा हट्ट असा : अख्खी वस्ती पाडायची नाही. फार मोडकळीला आलेला भाग तेवढा काढायचा, म्हणजे उजेड आणि वारा आत येतो आणि माणसं जागची हलत नाहीत.

(दृश्य : रिडल्स कोर्टची कमान, दगडात कोरलेली लॅटिन अक्षरं)

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम एके काळी राहिले ते हे रिडल्स कोर्ट. गेडिस यांनी इथे विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. कमानीवर लिहिलंय : विवेंदो डिसिमस. जगत जगत आपण शिकतो.

हीच पद्धत घेऊन ते 1914 साली हिंदुस्थानात आले. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली ती प्लेगविरुद्ध, आणि ज्या रस्त्यांनी घरं-अंगणं साफ केली त्यांनाच मिरवणुकीचा मान दिला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक हेच. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले गो. स. घुर्ये त्यांच्या वर्गात बसले होते.

(दृश्य : कुलूपपेट्या लावलेली दारं, चाकांच्या बॅगा)

आज ओल्ड टाऊनमधली कित्येक घरं पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने दिली जातात आणि राहती माणसं कमी होत चालली आहेत. 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर शहराने 5 टक्के कर ठेवला आहे.

(दृश्य : डनबार्स क्लोज, कातरलेली कुंपणं, खडीची वाट)

आणि ही डनबार्स क्लोजची बाग. बोळांमधल्या पडीक जागांत बागा फुलवाव्यात ही गेडिस यांची जुनी कल्पना. त्या कल्पनेवरून 1970च्या दशकात ही आखली गेली, सतराव्या शतकातल्या बागेच्या धर्तीवर. तिकीट नाही. किल्ल्याकडून उतरत आलात तर, अ‍ॅडम स्मिथ यांना पुरलंय त्या कॅननगेट चर्चच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला हा बोळ लागतो. तोंड अरुंद आहे, घोळक्याबरोबर चालताना सहज मागे पडतं.