एनक्लेक्स-आरएन: अभ्यास भरपूर, तरी गाडी कुठे अडते?

नमस्कार. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) व्हायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावी लागते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगला पानंच्या पानं लिहून पास झालेले विद्यार्थी इथे अडखळतात, ते बहुतेकदा प्रश्न वाचायची सवय नसल्यामुळे.

कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. तुमच्या उत्तरावरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो, मागे जाता येत नाही. ८५ला स्क्रीन बंद झाली म्हणून रडू नका. निकालाबद्दल ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते, पास असा वा नापास.

आता 'लागू असतील ते सगळे पर्याय निवडा' या प्रकारचे प्रश्न. बरोबर टिकला एक गुण मिळतो, चुकीच्या टिकला एक जातो. शून्याखाली मात्र जात नाही. पाचांत तीन बरोबर असताना पाचही टिक केलेत? तीन वजा दोन, हाती एक. खात्रीचे दोनच केले असते तर दोन मिळाले असते.

'आधी कोणाला बघाल?' हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. एक पेशंट ऑपरेशननंतर वेदना दहापैकी आठ सांगतोय. दुसरीचं थायरॉइड काढलंय, ती म्हणते, ओठांभोवती मुंग्या येतायत. आधी दुसरी! ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित असतं. मुंग्या म्हणजे कॅल्शियम घसरतंय, पुढे स्वरयंत्र आवळून श्वास अडकू शकतो.

काम सोपवण्याचे प्रश्नही तसेच. आपल्याकडे वॉर्डात मावशी आणि नातेवाईक बरंच काही सांभाळतात. तिथे स्थिर पेशंटचं बीपी मदतनीस घेऊ शकतो. पहिली तपासणी, शिकवणं आणि उपचाराचा परिणाम ठरवणं आरएनकडेच.

गणित बघा. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) २५,००० युनिट ५०० मिलीत, म्हणजे मिलीला ५०. ऑर्डर किलोला तासाला १८ युनिट, वजन १५४ पौंड. २.२ने भागा: ७० किलो. १८ गुणिले ७०, १,२६०. भागिले ५०, तासाला २५.२ मिली. पौंड तसेच ठेवले तर ५५च्या वर, दुपटीहून जास्त डोस! आकडा राउंड करायचा तो शेवटीच, प्रश्नात सांगितलाय तितकाच.

रोज ५० प्रश्न सोडवा, पण तेवढाच वेळ उत्तरं तपासायला द्या. चुकलेल्या प्रश्नापुढे वहीत लिहा: माहिती नव्हती, की प्रश्न नीट वाचला नाही? दुसरा रकाना भरत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून प्रश्नच वाढवा.