पहिल्या तीन महिन्यांत काय बदलाल?

श्रोतेहो, नमस्कार.

प्रॉडक्शन मॅनेजरच्या मुलाखतीत शिक्षण, अनुभव, पगार हे सगळं बोलून झालं, की एक प्रश्न हमखास येतो. "समजा तुम्ही आलात, तर पहिल्या तीन महिन्यांत काय बदलाल?" इथे उमेदवार खुलतो आणि बहुतेक वेळा इथेच घसरतो. फाइव्ह एस (जागा आवरून नीटनेटकी ठेवायची पद्धत) लावू, कायझेन (रोज थोडीथोडी सुधारणा) सुरू करू, रिजेक्शन म्हणजे नापास माल अर्ध्यावर आणू. कारखान्यात पाऊल न ठेवता रिजेक्शन अर्ध्यावर कसं येणार, हे त्याला कुणी विचारत नाही. फक्त त्याचा कागद खाली जातो.

आज आपण चाकण-भोसरी पट्ट्यात असतं तसं एक शीट मेटलचं प्रेस शॉप, म्हणजे प्रेसवर पत्रा दाबून भाग बनवणारं शॉप, डोळ्यांसमोर ठेवू. गाड्यांचे ब्रॅकेट बनतात, तीन शिफ्ट चालतात, ऑपरेटर निम्मे कायम आणि निम्मे कंत्राटी.

मुलाखतीआधी शॉप बघायला मिळेल का, असं विचारा. वीस मिनिटं पुरतात. नापास नगांच्या रेड बिनमध्ये काय पडलंय, फळ्यावर शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे, दोन मशीनांमध्ये किती ट्रॉल्या अडकल्यात आणि त्यांवर धूळ आहे का, एवढं पाहा. कंपनी शेअर बाजारात नसली तरी तिने बँकेचं कर्ज घेतलेलं असेल, तर क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्थांच्या वेबसाइटवर तिच्या पतमानांकनाची टिपणं सापडू शकतात. किती टक्के धंदा एकाच ग्राहकावर आहे, पैसा कुठे अडकतो, हे त्यांत बरेचदा सरळ लिहिलेलं असतं. ही टिपणं फुकट वाचता येतात, तरी फार थोडे उमेदवार ती वाचून येतात.

आता बदल. एकच घ्या, पण आकड्यासकट. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा प्रेसमधला साचा, बदलायला लागणारा वेळ घेऊ. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दोनदा दहा-दहा मिनिटं गेली, की ४३० उरतात. शिफ्टमध्ये तीन डाय बदलल्या आणि प्रत्येकीला ५० मिनिटं लागली, तर १५० मिनिटं प्रेस नुसती उभी.

ही ५० मिनिटं जातात कुठे? सेटर, म्हणजे डाय बसवणारा कामगार, प्रेस थांबवतो आणि मग क्रेन शोधायला निघतो. डाय येते, तर ती आवळायच्या क्लॅम्पचे बोल्ट टूलरूममध्ये, म्हणजे डाय सांभाळणाऱ्या विभागात, राहिलेले. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून शट हाइट, म्हणजे प्रेस बंद होताना डायसाठी उरणारी उंची, दरवेळी नव्याने जुळवायची. शेवटी पहिला नग पास करून घ्यायला क्वालिटीवाल्याची वाट बघायची. टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा डायबदल जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी शेवटी तीन मिनिटांवर आणला, त्याची सुरुवात एका वर्गवारीने झाली. मशीन चालू असताना उरकता येणारी कामं कुठली आणि मशीन थांबवूनच करावी लागणारी कुठली? पुढची डाय, कॉइल, बोल्ट आधीच प्रेसपाशी आणून ठेवायला जवळजवळ खर्च नाही. सगळ्या डायखाली प्लेटा लावून उंची एकसारखी करायची, तर मात्र पैसे मागावे लागतात. दोन्ही वेगवेगळं सांगा.

५० चे २० झाले, तर शिफ्टला ९० मिनिटं वाचतात. मिनिटाला प्रेसचे १२ स्ट्रोक आणि दर स्ट्रोकला एक नग धरला तर १,०८० नग. इथे थांबलात तर पॅनेलवरचा जाणता माणूस विचारेल, "हे नग पुढे वेल्डिंगला खपणार आहेत का?" वेल्डिंग आधीच तुंबलेलं असेल, तर तुम्ही फक्त ट्रॉल्या वाढवल्या. म्हणून वाक्य असं बांधा: "पहिले दोन आठवडे मी घड्याळ घेऊन डायबदल बघेन. वाचलेला वेळ जादा उत्पादनाला द्यायचा की लॉट (एका दमात काढायचे नग) लहान करायला, ते वेल्डिंगची क्षमता बघून ठरवेन. सुरुवात एकाच प्रेसवर." बदल आला, आकडा आला आणि अंदाज चुकला तर मागे फिरायची वाटही आली. जुन्या कंपनीचे आतले आकडे मात्र पुरावा म्हणून देऊ नका. तिथले सांगणारा उद्या इथलेही सांगेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

शिफ्टच्या वेळा बदलू, चहाची सुट्टी एक करू, कंपनीची बस बंद करू असं बोलण्याआधी जीभ आवरा. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, वहिवाटीने मिळत आलेल्या सवलती यांत बदल करायचा तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये ही तरतूद होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. पॅनेलवर एचआरचा माणूस असतोच. "युनियनशी बोलून, नोटिशीचा काळ धरून" एवढे शब्द तुमच्या तोंडून आले, तरी तो सुटकेचा श्वास टाकतो.

त्याच कंपनीतून बढतीसाठी बसला असाल, तर पंचाईत वेगळी. जे बदलायचं म्हणताय ते ज्याने घडवलं, तोच बहुधा समोर असतो. "अमुक पद्धत चुकीची होती" असं म्हणू नका. "ती लावली तेव्हा आठ पार्ट होते, आता तीस आहेत" असं म्हणा. ते खरंही असतं.

शेवटी तुम्हाला विचारायची संधी मिळते, तेव्हा दोन गोष्टी विचारा. वरची सही न घेता मला किती खर्च करता येईल? आणि सेटर कुणाला रिपोर्ट करतात, प्रॉडक्शनला की टूलरूमला? उत्तर "टूलरूमला" असं आलं, तर तिथल्या तिथे सांगा: "मग हे टूलरूमच्या हेडबरोबर बसून करावं लागेल. तीन महिन्यांत २० नाही, ३५ मिनिटं धरा."